पेट्रोल रंगाचा गणवेश

पेट्रोलचा रंग नेमका कोणता असतो, हा प्रश्न शैलेंद्र खानविलकरांना दुबईत बावीस वर्षं काढूनही कधी पडला नव्हता. पंपावर काच खाली करायची, "फुल" म्हणायचं, कार्ड द्यायचं. पेट्रोल नळीतून येतं आणि टाकीत जातं, मधे ते कुणाला दिसत नाही. त्यामुळे त्या रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी मुलगी फोन घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, पेट्रोल. थर्ड इयर इज पेट्रोल," तेव्हा गाडीची टाकी रिकामी आहे असं समजून ते चावी शोधायला उठले.

"कलर, बाबा," वैभवी म्हणाली. "पेट्रोल इज अ कलर."

खानविलकर परत बसले.

वैभवी शारजाच्या पलीकडच्या एका डेंटल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. दोन वर्षं प्लास्टिकच्या दातांवर काढल्यावर पुढच्या सोमवारपासून तिला क्लिनिकमध्ये खऱ्या माणसांच्या तोंडात हात घालायची परवानगी मिळणार होती. त्याआधी कॉलेजने अकरा पानांचा ड्रेस कोड पाठवला होता. पहिल्या वर्षाला राखाडी स्क्रब्ज, दुसऱ्याला मरून, तिसऱ्याला पेट्रोल. स्क्रब्ज म्हणजे डॉक्टर लोक घालतात तो अर्ध्या बाह्यांचा सैल सदरा आणि नाडीची पँट. खानविलकर त्याला पायजमा-बंडी म्हणत. वरून पांढरा कोट, गुडघ्याला टेकणारा. बूट पांढरे, पूर्ण बंद, वर हवेची भोकं चालणार नाहीत. मोजे घोट्याच्या वर. तळहात समोर धरला तर नख दिसता कामा नये. घड्याळ नाही, अंगठी नाही, अत्तर "दुसऱ्याला जाणवणार नाही इतपत". मग ते लावायचं कशाला, याचा खुलासा अकराही पानांत नव्हता. यातलं काहीही चुकलं तर विद्यार्थ्याला घरी पाठवणार आणि गैरहजेरी मांडणार. तीन गैरहजेऱ्या झाल्या की ती पूर्ण टर्म पुन्हा. आणि शेवटच्या पानावर, जाता जाता सांगितल्यासारखं, पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपला एक पेशंट घेऊन यायचा.

खानविलकरांनी अकरा पानं पेन घेऊन वाचली. जबल अली बंदरावर गिऱ्हाइकांचा माल कस्टम्समधून सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग कंपनीत ते ऑपरेशन्स मॅनेजर होते. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं हा त्यांचा धंदा होता आणि, प्रमिलाताईंच्या मते, आजारही.

"हे माझ्यावर सोड," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांना गेल्या तीन वर्षांत उच्चारायला मिळालं नव्हतं. वैभवीने लायसन्स स्वतः काढलं, अ‍ॅडमिशनचे फॉर्म स्वतः भरले, एवढंच काय, खानविलकरांचं एमिरेट्स आयडी संपत आल्याचं तिनेच ओळखून फोनवर सात मिनिटांत नवं मागवून टाकलं होतं. बापाने करण्याजोगं घरात काही उरलं नाही, ही गोष्ट खानविलकर कुणाला बोलले नव्हते. पण रोज सकाळी दाढी करताना ती आठवायची.

"दुकानात जाऊन आणायचे कपडे," प्रमिलाताई आतून म्हणाल्या. "त्यात सोडायचं काय?"

कॉलेजने नेमून दिलेलं दुकान शारजात होतं. सोमवारी ऑफिस सुटल्यावर खानविलकर दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून तिथे पोचले. दुकानदार शाहबाज पुष्कळच अदबीचा माणूस. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, सुलेमानी चहा मागवला आणि मग सांगितलं की पेट्रोलमध्ये स्मॉल आहे, मीडियम आहे, तीन एक्सवाला लार्जसुद्धा आहे, पण वैभवीच्या मापाचा डबल एक्स स्मॉल नाही.

"शिपमेंट में है, सर. दो-तीन हफ्ता. इन्शाल्ला."

आता इन्शाल्ला हा शब्द खानविलकर स्वतः दिवसातून चाळीसदा वापरत. गिऱ्हाइकाचा फोन आला आणि कंटेनर कुठे आहे याचा पत्ता नसला, की ते हाच शब्द याच सुरात म्हणत. तो आपल्याला दुसऱ्या बाजूने ऐकावा लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते सुलेमानी अर्धा ठेवून उठले.

अल मनखूलच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये नूरुद्दीनभाई राहत. मूळचे रत्नागिरीचे, दुबईत एकेचाळीस वर्षं. या गावात पूर्वी काय होतं आणि आता कोण कुठे बसतो, हे त्यांना ठाऊक नसेल तर ते कुणालाच ठाऊक नसतं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा खानविलकरांचा चेहरा बघून त्यांनी सहाव्या मजल्यापर्यंत सगळी हकीकत काढून घेतली.

"अरे शैलेंद्र, एवढंच ना? शारजा इंडस्ट्रियलला आपला लियाकत मास्टर आहे. अख्ख्या एरियाचे युनिफॉर्म शिवतो. मी फोन करतो, खलास."

"पण नूरुद्दीनभाई, रंग तोच हवा."

"रंग काय, तू बोल तो रंग. आणि पेशंट मिळाला का पोरीला?"

"नाही अजून."

"मग मी काय मेलोय? माझी ही खालची दाढ दोन वर्षं ठणकते. बेटाला सांग, चाचा येतोय म्हणून."

खानविलकरांना भरून आलं. एका लिफ्टमध्ये दोन प्रश्न सुटले होते.

मंगळवारी त्यांनी ऑफिसच्या प्रिंटरवर रंगाचं पान छापलं. प्रिंटरची पिवळी शाई संपत आलेली असल्यामुळे पेट्रोल जांभळट आलं. फोनवर बघितलं तर हिरवट दिसत होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते निळं होतं, आणि घरच्या टीव्हीवर लावून बघितलं तेव्हा प्रमिलाताई म्हणाल्या की हा तर त्यांच्या आईच्या पैठणीचा मोरपंखी, याला पेट्रोल काय म्हणायचं. शेवटी त्यांनी ड्रेस कोडमध्ये दिलेला रंगाचा नंबर कागदावर लिहून घेतला, वैभवीचा जुना मरून स्क्रब मापाला घेतला आणि नूरुद्दीनभाईंबरोबर निघाले.

इंडस्ट्रियल एरियात दोन्ही बाजूंना गॅरेजं. उघडी बॉनेटं, ठोकाठोकी, रस्त्यावर तेल. एका गल्लीत वरच्या मजल्यावर लियाकत मास्टरचं दुकान, आणि त्यात निळ्या कामगारी कव्हरऑल्सचे गठ्ठे छतापर्यंत. लियाकत मास्टर गळ्यात टेप घालून उभे होते. वय साठीचं, चेहरा गंभीर.

"आदमी कितने हैं?" त्यांनी विचारलं.

"एक," खानविलकर म्हणाले. "लड़की है."

मास्टरांनी नूरुद्दीनभाईंकडे पाहिलं. पन्नासाच्या खाली ते मशीन चालू करत नसत. नूरुद्दीनभाईंनी त्यांना बाजूला घेऊन एकेचाळीस वर्षांची ओळख सांगितली. मास्टर परत आले.

"नंबर से कपड़ा नहीं कटता, साहब," रंगाचा कागद परत देत ते म्हणाले आणि त्यांनी कापडाचा एक तागा खाली ओढला. खानविलकरांनी तो खिडकीशी नेला, फोन शेजारी धरला, डोळे बारीक केले. तोच रंग होता. किंवा गेल्या दोन दिवसांत इतके रंग बघून झाले होते, की कुठलाही रंग तोच वाटला असता.

"छातीवर नाव पाहिजे. वैभवी खानविलकर," ते म्हणाले आणि इंग्रजीत लिहून दिलं. "खाली डिपार्टमेंट."

"डिपार्टमेंट मालूम है, भाई ने फोन पे बताया है," मास्टर म्हणाले. "बेफिकर रहिए. इस लाइन का तीस साल का तजुर्बा है."

गुरुवारी संध्याकाळी खानविलकर गणवेश घेऊन घरी आले, तेव्हा पिशवी उघडायच्या आधी त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. हे त्यांनी करायला नको होतं. माणसाने आपला विजय आधी एकट्याने तपासून घ्यावा.

शिवण सुरेख होती, याबद्दल वाद नाही. माप केसाचंही चुकलं नव्हतं. पण पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर जाड कापडाची जास्तीची ठिगळं होती. उजव्या मांडीवर एक लांबोडका खिसा होता आणि त्याच्या शेजारी हातोडी अडकवायचा पट्टा. बाह्यांवर, पाठीवर आणि पोटऱ्यांभोवती चमचमत्या रुपेरी पट्ट्या होत्या; प्रमिलाताईंनी दिवा लावला तशा त्या लखकन उजळल्या. आणि छातीवर, नावाच्या खाली, नारिंगी रेशमात ठसठशीत अक्षरं होती: डेंटिंग.

वैभवीने बोटाने ती अक्षरं चाचपली.

"डेंटिंग-पेंटिंग," ती म्हणाली. "बाबा, ही थॉट आय फिक्स कार्स."

नूरुद्दीनभाईंनी फोनवर डेंटल म्हटलं होतं. ज्या माणसाने तीस वर्षं ठोकलेल्या दारांच्या आणि चेपलेल्या मडगार्डांच्या गल्लीत काढली, त्याने त्याचं जे व्हायचं ते केलं होतं. खानविलकरांनी मास्टरांना फोन लावला. मास्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की लड़की गाडीखाली झोपून काम करणार नसेल तर गुडघ्याची ठिगळं काढता येतील, पण पट्ट्या राहू द्याव्यात, अंधारात लांबून दिसते, सेफ राहील.

वैभवी हसली नाही, चिडलीही नाही. तिने फक्त म्हटलं, "इट्स ओके, बाबा. आय विल फिगर इट आउट." खानविलकरांना यापेक्षा ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

प्रमिलाताई कात्री घेऊन बसल्या. ठिगळं निघाली, पट्टा निघाला, पट्ट्या निघाल्या, 'डेंटिंग'सुद्धा निघालं. मागे सुईच्या भोकांच्या ओळी राहिल्या. एक धुणं झालं की भोकं मिटतील, असं त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकाला गेल्या. तेव्हा खानविलकरांना वाटलं, की निदान तेवढं तरी आपण करावं. त्यांनी गणवेश मशीनमध्ये टाकला. मशीन अर्धं रिकामं दिसलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी शेजारी टांगलेला वैभवीचा नवा पांढरा कोटही त्यात टाकला.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. कोट बाहेर आला तो नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. गणवेशाने आपला रंग कोटाला दिला होता आणि स्वतः फिका पडून तो आता कुठल्याच वर्षाचा राहिला नव्हता. प्रमिलाताईंनी दोन्ही कपडे दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातले, जरा लांब उभं राहून पाहिलं आणि त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला या मौनाचा अर्थ कळतो.

शुक्रवारी खानविलकरांनी अर्धी रजा टाकली आणि ते थेट कॉलेजला गेले. कपडे मिळत नसतील तर सवलत मागायची, हा साधा विचार आपल्याला आधी का सुचला नाही, याचं त्यांना गाडी चालवताना वाईट वाटत होतं. स्टुडंट अफेअर्सच्या खिडकीत मिस एमान नावाच्या बाई होत्या. तिशीच्या, डोक्याला राखाडी स्कार्फ, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. त्यांनी खानविलकरांचं इंग्रजीतलं निवेदन पूर्ण ऐकलं आणि इंग्रजीतच विचारलं, "दुकानाचं पत्र आहे?"

पत्र नव्हतं. माल उपलब्ध नाही असं दुकानाने लिहून द्यायला हवं, त्यावर शिपमेंट नंबर हवा, येण्याची अपेक्षित तारीख हवी. मग एक फॉर्म. तो डीनकडे जाईल. डीन मंगळवारी बसतात.

"पण क्लिनिक सोमवारी आहे."

"म्हणून फॉर्म दहा दिवस आधी द्यायचा असतो, सर. नवव्या पानावर आहे."

नववं पान खानविलकरांनी वाचलं होतं. त्यावर त्यांच्याच पेनाची खूण होती. तेवढ्यात प्रमिलाताईंचा फोन आला. ते खिडकीपासून जरा वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "काही नाही गं. एक बाई आहे, ती काही ऐकूनच घेत नाही."

"बाई ऐकतेय, सर," मागून स्वच्छ मराठीत आवाज आला. "आम्ही श्रीवर्धनचे."

खानविलकरांनी फोन ठेवला. अशा प्रसंगी माणसाने काय करावं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, "अरे वा. छान गाव."

"छान आहे," मिस एमान म्हणाल्या. "बारा वाजता ऑफिस बंद होतं. तुम्ही पत्र घेऊन आलात तर मी फॉर्म घेईन. डीनशी बोलून बघेन, पण प्रॉमिस करत नाही. पोरांना नियम मी सांगते, त्यामुळे मलाच तो मोडता येत नाही."

हे त्या इतक्या थकलेल्या सुरात म्हणाल्या, की खानविलकरांना त्यांच्यावर रागावताही आलं नाही. तो सूर त्यांच्या ओळखीचा होता. जबल अलीला ते स्वतः तसेच बोलत.

शाहबाजने पत्र लगेच दिलं. कॉम्प्युटरवर टाइप केलं, शिक्का मारला, एक प्रत विद्यार्थिनीच्या फोनवरही पाठवून दिली, कारण त्याच्याकडे तशी पद्धत होती. खानविलकर पत्र घेऊन गाडीत बसले, एसी लावला आणि सवयीने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग चष्मा पुसून शिपमेंट नंबर पुन्हा वाचला.

नंबराची पहिली चार अक्षरं त्यांच्याच कंपनीची होती.

मागच्या सीटवरून लॅपटॉप काढून त्यांनी तो मांडीवर उघडला आणि नंबर टाकला. तीनशे चाळीस कार्टन. बंदरात येऊन तीन आठवडे झालेले. स्थिती: होल्ड, म्हणजे माल अडवलेला. होल्डचं कारण: इन्व्हॉइसवर 'मेडिकल गारमेंट्स' लिहिलंय, पॅकिंग लिस्टवर 'हॉस्पिटल पायजमा', वर्णन जुळत नाही. होल्डचा आदेश देणारा: एस. खानविलकर.

त्यांना ते लख्ख आठवलं. बारा दिवसांपूर्वी ही तफावत त्यांनीच पकडली होती. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की बघा, खानविलकरांसारखं वाचा. त्या दिवशी त्यांनी येताना घरी जिलबी आणली होती. कशाबद्दल म्हणून वैभवीने विचारलं, तर ते म्हणाले होते, असंच.

पाठवणाऱ्याचं दुरुस्त केलेलं पत्रकही आलेलं होतं, आठ दिवसांपूर्वी. मेलचं शीर्षक होतं 'पायजमा रिव्हाइज्ड'. जाहिरात समजून खानविलकरांनी ती उघडली नव्हती. आता ती उघडून त्यांनी ते पत्रक वाचलं, दोनदा वाचलं, आणि होल्ड काढला. बटण दाबायला एक सेकंद लागला. मग ते स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. समोर गाडी पार्क करायला थांबलेल्या माणसाने हॉर्न वाजवला तेव्हा ते निघाले. बारा वाजून गेले होते, पण आता फॉर्मची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी ते सुट्टी असून जबल अलीच्या वेअरहाऊसला हजर झाले. तीनशे चाळीस कार्टनांत डबल एक्स स्मॉलचं एकच होतं आणि ते सापडलंसुद्धा. हाताच्या अंतरावर. पण गिऱ्हाइकाचं कार्टन परस्पर उघडायचं नाही, कारण काहीही असो, असा नियम समोरच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला होता. खाली सही कुणाची, ते सांगायला नको. खानविलकरांनी नियमाकडे पाहिलं, कार्टनाकडे पाहिलं, आणि कार्टन रीतसर डिलिव्हरी व्हॅनमध्ये चढवायला लावलं. मग स्वतःची गाडी काढून ते व्हॅनच्या मागोमाग निघाले.

व्हॅनचा ड्रायव्हर शहाणा माणूस होता, घाई करत नव्हता. वाटेत तो एकदा चहाला थांबला, एकदा नमाजाला आणि एकदा जेवायला. प्रत्येक वेळी खानविलकर दहा हात मागे गाडीत बसून राहिले. तिसऱ्या वेळी तो ड्रायव्हर काचेपाशी आला आणि काही अडचण आहे का, असं त्याने आपुलकीने विचारलं. नाही, खानविलकर म्हणाले, आपण असेच चाललोय. तो परत जाताना दोनदा मागे वळून बघत होता.

दुकानात शाहबाजने त्यांच्यासमोर कार्टन फोडलं, वरचाच जोड काढून काउंटरवर ठेवला आणि एक पांढरा कोट शेजारी ठेवला. कोट त्याच्याकडे मुबलक होते.

"देखा, सर? मैंने बोला था ना, इन्शाल्ला," तो म्हणाला. "मैंने खुद पीछे लग के मंगवाया."

खानविलकरांनी त्याचे आभार मानले. सोयीचं तेच होतं.

सोमवारी पहाटे पावणेसहाला ते वैभवीला घेऊन निघाले. ती स्वतः गाडी चालवत गेली असती, पण आज मी सोडतो, असं ते म्हणाले आणि तिने वाद घातला नाही. गणवेश अंगावर बेतल्यासारखा बसला होता. केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली, कोट मांडीवर घडी करून. ती बाहेर बघत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. शारजाची हद्द लागेपर्यंत खानविलकरांनी कळ काढली. मग म्हणाले, "वैभवी, एक सांगायचं होतं. ते शिपमेंट मीच अडवून ठेवलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं त्यात काय आहे, पण सही माझी होती."

"आय नो, बाबा."

"काय नो?"

"शाहबाज अंकलने लेटर पाठवलं ना मला. युअर कंपनीज कोड इज ऑन इट. हू एल्स वुड होल्ड अ शिप फॉर पायजमा?"

"मग बोलली का नाहीस?"

वैभवीने मांडीवरच्या कोटाची घडी सारखी केली. "यू वेअर ट्रायिंग सो हार्ड," ती म्हणाली.

खानविलकरांनी वळण नसताना इंडिकेटर दिला आणि बंद केला.  तेवढ्यात फोन वाजला. नूरुद्दीनभाईंचा होता. त्यांना साडेसातला टॅक्सीने कॉलेजवर पोचायचं होतं.

"शैलेंद्र, अरे अजब झालं," ते म्हणाले. "दाढ एकदम बरी झाली. काल संध्याकाळपासून ठणका नाही. अल्लाचा करम."

"नूरुद्दीनभाई, दोन वर्षांची दाढ एका संध्याकाळीत कशी बरी होते?"

"तेच तर मी मरियमबीला बोलतोय. आता बऱ्या दाताला हात लावणं चांगलं नाही. बेटाला माझी दुवा सांग." आणि फोन बंद झाला. बंद होता होता मागे कुठेतरी त्यांच्या बेगम मरियमबी हसत होत्या, हे गाडीच्या स्पीकरवर दोघांनाही ऐकू आलं.

 वैभवीने मान वळवून बापाच्या तोंडाकडे पाहिलं. नेमकं सांगायचं तर तोंडाच्या खालच्या निम्म्या भागाकडे.

क्लिनिकच्या दारात मिस एमान यादी घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या वर्षाची पोरं रांगेत. खानविलकर पेशंटच्या रांगेत, बाजूला, आणि त्यांचं सगळं लक्ष त्या यादीवर. आठवडाभराची पायपीट, तीनशे चाळीस कार्टन, सुईची भोकं, निळं पडलेलं धुणं, आणि या सगळ्याचा निकाल आता लागणार होता. वैभवीचा नंबर आला. मिस एमाननी तिचे हात उलटे करून नखं पाहिली, म्हणाल्या, "गुड. नेक्स्ट." चार सेकंद. गणवेशाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मागचा उंच मुलगा उघड उघड निळ्या रंगात होता. जगातल्या कुठल्याही पंपावर त्याला पेट्रोल म्हणाले नसते. तोही आत गेला.

खानविलकरांनी याचा निषेध मनातल्या मनात नोंदवला. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं.

खुर्ची मागे झुकली आणि पाय वर आले. वर दिवा, दिव्यापलीकडे मास्क लावलेला चेहरा, त्यातले फक्त डोळे ओळखीचे. वैभवीने फॉर्म हातात घेतला आणि अगदी परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "शेवटचं डेंटिस्टकडे कधी गेला होतात?"

"तू बालवाडीत होतीस तेव्हा," खानविलकर म्हणाले. तिने ते वर्ष लिहून घेतलं, न हसता.

"ब्लड प्रेशरची गोळी?"

"एक. सकाळी."

"आज घेतलीत?"

"घेतली."

"दुखलं तर डावा हात वर करायचा. बोलायचं नाही. आता तोंड उघडा."

तिचा हात गालाला लागला. हातमोज्यातला, हलका, आणि जराही न थरथरणारा. कॉलेजच्या फीचे चेक भरताना, ट्रॅफिकमध्ये बसून, या मुलीचं पुढे काय होईल याची त्यांनी जी काळजी केली होती, तिचं उत्तर त्या एका बोटात होतं. हे त्यांना तिला सांगायचं होतं. पण तोंडात आरसा होता, कापूस होता आणि पाणी ओढणारी नळी गुळगुळत होती. बोलायची सोयच नव्हती. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं, कुठे पोचायचं नव्हतं, कुठला कागद शेवटपर्यंत वाचायचा नव्हता. खुर्ची मऊ होती. एसी बेताचा होता. खानविलकरांनी डोळे मिटले.

पुढचं त्यांना नंतर कळलं. तपासणारे डॉक्टर हारुन फेरीवर आले तेव्हा वैभवी खालच्या ओळीचे दात साफ करत होती आणि पेशंट तोंड उघडं ठेवून मंद, नियमित घोरत होता. त्यांनी वाकून पाहिलं. मग विचारलं, की या गृहस्थाला गुंगीचं काही दिलं आहे का, कारण तिसऱ्या वर्षाला ती परवानगी नाही.

"नो, डॉक्टर," वैभवी म्हणाली. "ही इज माय फादर. ही इज जस्ट टायर्ड."

डॉक्टर हारुननी दात तपासले, मान डोलावली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की पेशंट अत्यंत निश्चिंत. चाळीस विद्यार्थ्यांत हा शेरा दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

दहा वाजता खुर्ची रिकामी करायचा नियम होता. बरोबर दहाला मिस एमान यादी घेऊन आल्या. खुर्चीत पेशंट झोपलेला, दिवा बाजूला वळवलेला, आणि वैभवी शेजारच्या स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसलेली.

"झालं ना काम?" त्यांनी मराठीत विचारलं.

"झालं केव्हाच," वैभवी म्हणाली. "पाच मिनिटं राहू देता? आठवडाभर झोपले नाहीयेत ते."

मिस एमाननी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं. मग यादीत खूण न करता त्या दाराकडे वळल्या आणि बाहेर खोळंबलेल्या पुढच्या पेशंटला म्हणाल्या, की आत अजून काम चालू आहे, बसून घ्या. जाताना त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.